लाईन गेली की सांगा

आमच्या आबांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आवाज भरून ठेवायची हुक्की आली. भरून ठेवणं हा प्रकार आमच्याकडे तूर, सोयाबीन, पाणी आणि लोणचं एवढ्यांपुरताच. पण गेल्या वर्षी त्यांच्या भजनी मंडळातले पेटीवाले बुवा गेले. पन्नास वर्षं त्या माणसानं गावाला हरिपाठ ऐकवला, आणि तेरवीच्या जेवणानंतर सगळ्यांनी आपापले मोबाइल धुंडाळले तेव्हा बुवांचा आवाज सापडला तो कुणाच्याशा लग्नाच्या व्हिडिओत. सतरा सेकंद. त्यातले बारा सेकंद फटाके.

त्या रात्री आबा मला म्हणाले, "आवाज हाय तवर भरून ठेव बाबू. मोटार जयल्यावर हिरीत पानी असून काय कामाचं?"

मी वाशिमला शाळामास्तर, आबा मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी. पुढच्या रविवारी गेलो, पेटीच्या पुढ्यात मोबाइल टेकवला आणि दोन अभंग भरून घेतले. ऐकतो तर आबांचा आवाज स्वच्छ, टाळ बरे, आणि पेटी बेपत्ता. मधूनच एखादा सूर डोकं वर काढायचा आणि पुन्हा बुडायचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्यानं फोनवरूनच निदान केलं. "काका, फोन हे बोलायचं यंत्र आहे. एकसारखा चालणारा आवाज आला की त्याला वाटतं, पंखा असेल, इंजिन असेल. तो पुसून टाकतो." १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती, ती सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. पण त्या साहेबांनी निदान पेटी ऐकून मग तिला नावं ठेवली होती. माझ्या फोननं तिला थेट पंख्यात काढलं.

"मग काय करू?"

"ऑडिओ इंटरफेस घ्या. छोटासा, पिशवीत घालून कुठेही नेता येईल असा."

आमच्या घरात कोणत्याही वस्तूचा पहिला गुण तिची किंमत, आणि ती रुपयांत नसते, क्विंटलमध्ये असते. ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "किती क्विंटलचा हाये?" २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये. त्या हिशेबानं सगळ्यात स्वस्त डबा साधारण एक क्विंटलचा, बरा दोन क्विंटलचा, आणि पुतण्याच्या मनात भरलेला लाल रंगाचा चारेक क्विंटलचा. हे हमीभावानं. माल घेऊन खरोखरच बाजार समितीत उभं राहिलं तर डबा तोच राहतो, क्विंटल वाढतात.

हा डबा करतो काय, हे कळायला मला आठवडा लागला. माईकमधून येणारी वीज म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, कधी त्याहून कमी. डबा ती आधी वाढवतो, मग मोजतो. सेकंदाला ४४,१०० वेळा. माणसाच्या कानाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त वेळा मोजलं की आवाज सबंध हाती लागतो, इथवर गणित ठीक. पण नेमके ४४,१०० च का? तर १९७० च्या दशकात आकड्यांतला आवाज साठवायला व्हिडिओची टेप वापरत, आणि तिच्या रेघांच्या हिशेबात हा आकडा बसत होता. टेप गेली, आकडा राहिला. ज्या जिल्ह्यात शेतं हेक्टरात नोंदतात, एकरात विकतात आणि गुंठ्यासाठी भांडतात, तिथल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पुतण्याचं ऐकण्याआधी मी एक शहाणपणा केला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात 'साउंड कार्ड' मिळतं असं कळलं. काळा डबा, वर रंगीत दिवे आणि बटणंच बटणं. "सर, गाण्यावाले सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला. क्विंटलच्या पाव भागातच काम होत होतं. घेतला. पहिल्याच अभंगाला, तोही वैराग्याचा, आबांनी डोळे मिटून शेवटचा आलाप घेतला, त्यांचं कोपर डब्यावर टेकलं आणि आतून पन्नास माणसं खदाखदा हसली. आबांनी डोळे उघडून एकेकाकडे पाहिलं. खंजिरीवाल्या पोरानं घाबरून "म्या नाई हसलो आबा" असा खुलासा केला. सावरायला म्हणून मी घाईनं दुसरं बटण दाबलं, तर गोळीबार. आणखी एक बटण होतं, ते दाबल्यावर आबा बाईच्या आवाजात "बंद कर ते" म्हणाले. तो डबा आता शेजारच्या पोराकडे आहे, आणि त्याच्या आईचं माझ्याविषयी चांगलं मत राहिलेलं नाही.

मग मात्र अभ्यासाला बसलो. महिनाभर रात्री अकरा ते एक. डब्यांची परीक्षणं करणारी जी मंडळी असतात ती सगळी एकाच आवाजात बोलतात: घशाच्या तळातून, पोटात आणखी एक माणूस बसल्यासारखी. मागे निळा-जांभळा उजेड. प्रत्येक डबा "या किमतीत उत्तम" असतो आणि शेवटी प्रत्येकजण गिटार वाजवून दाखवतो. महिन्याभरात एकानंही पेटी वाजवली नाही. खंजिरी तर सोडाच.

गिटार हीच खरी गोम निघाली. स्वस्त डब्याला तोंडं दोन असतात, पण त्यातलं माईकचं एकच, दुसरं गिटारसाठी. बेहरिंगरचा यूएम-टू घ्या किंवा फोकसराइटचा स्कार्लेट सोलो घ्या, डबा करणाऱ्यांची अशी ठाम समजूत आहे की जगातल्या प्रत्येक घरात एक गाणारा असतो आणि एक गिटारवाला. आमच्या अख्ख्या गावात गिटार एकच, ती गणपतीच्या आरासीत पुठ्ठ्याची. आम्हाला पाहिजे होते दोन माईक, एक आबांच्या तोंडाशी, एक पेटीशी. म्हणजे उमेदवार राहिले तीन: बेहरिंगरचा यूएमसी २०२ एचडी, एम-ऑडिओचा एम-ट्रॅक डुओ आणि तो लाल स्कार्लेट टू-आय-टू. लाल डब्याच्या बटणाभोवती एक कडं उजळतं, आवाज बेताचा असला की हिरवं, फाटला की लाल. पुतण्या त्यावर लुब्ध होता. ही म्हणाली, "आवाज फाटला तं आबाच सांगतीन नं. चार क्विंटल दिव्यासाठी द्यायचे?"

यातल्या एकावर लिहिलं होतं, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. आता १९२ म्हणजे सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार मोजण्या, आणि त्यातून ९६ हजार कंपनांपर्यंतचा आवाज टिपता येतो. तो ऐकणार कोण? सत्तरीपुढच्या माणसाला दहा-बारा हजारांच्या वरचं ऐकू येणं अवघडच. राहता राहिली देवळाच्या गाभाऱ्यातली वटवाघळं. ती बिचारी त्या पट्टीतच बोलतात. त्यांना आबांच्या भजनातलं काय ते बारीक कळेल. मी ४८ हजारांवर समाधान मानलं. २४ बिटचा मात्र उपयोग आहे, तो पुढे खंजिरीपाशी सांगतो.

नंतर ४८ व्होल्टचं प्रकरण. कंडेन्सर नावाच्या नाजूक माईकला ४८ व्होल्ट लागतात आणि ते डब्यातून माईकच्याच वायरीनं वर जातात. वेगळी तार नाही, दिसत काही नाही, म्हणून त्याचं नाव फँटम पॉवर, म्हणजे भुताची वीज. शेजारच्या निवृत्त वायरमनभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गल्लीत २३० टिकत नाई मास्तर, तुमी ४८ कुठून टिकवता?" टिकतात, कारण डबा ते गल्लीतून घेतच नाही. लॅपटॉपच्या यूएसबीतून पाच व्होल्ट येतात, डबा आतल्या आत त्याचे अठ्ठेचाळीस करतो. पाचाचे अठ्ठेचाळीस करून देणाऱ्या योजना आमच्या भागात बऱ्याच येऊन गेल्या. खरोखर करून देणारी ही पहिलीच.

वायर तीन पिनांचीच घ्या असं सगळे बजावतात. का, ते मला माझ्या दोन चुलत्यांमुळे कळलं. दोघे बांधावरून भांडलेले. एक जे म्हणेल त्याच्या बरोब्बर उलटं दुसरा म्हणणार. मात्र गावात बाहेरची भानगड आली की दोघांचं मत एक. त्या वायरीतही असंच: एका तारेतून आवाज सरळ जातो, दुसरीतून उलटा, बाहेरची खरखर दोन्हींत सारखीच शिरते. डब्याच्या दाराशी एकातून दुसरा वजा करतात. भांडण दुप्पट होतं आणि बाहेरची भानगड शून्य. तिसरी पिन जमिनीची. तीही बांधासारखीच, भांडण नसलं तरी मधोमध पाहिजे.

शेवटी बेहरिंगरचा २०२ घेतला. दोन माईकची तोंडं, पत्र्याचा मजबूत डबा, आणि वेगळा चार्जर नाही, यूएसबीवरच चालतो. त्याच घराण्यातला थोरला ४०४, चार माईकचा, मला फार मोहात पाडत होता, पण त्याला स्वतःचं अ‍ॅडाप्टर भिंतीत खुपसावं लागतं. तेव्हा हा फरक मी नुसता वाचून सोडून दिला होता. डब्यावर 'मायडस' असंही छापलेलं आहे. आतला आवाज वाढवणारा भाग त्या नावाच्या कंपनीच्या आराखड्याचा. मायडस म्हणजे हात लावील त्याचं सोनं करणारा ग्रीक पुराणकथेतला राजा. गोष्ट ऐकून आबा म्हणाले, "एकडाव आपल्या सोयाबीनले हात लाव म्हना त्याले."

पार्सल आलं. पोचवणाऱ्या पोराला माझं घर सापडेना म्हणून अकोला नाक्यावर मीच त्याला घ्यायला गेलो, हा भाग सगळ्या देशात सारखाच.

पहिला प्रयोग वाशिमच्या घरी. आबांना मुद्दाम बोलावून घेतलं. कानांवर हेडफोन चढवला, पेटीचा भाता सुटला, आबांनी पहिली ओळ म्हटली आणि थबकले. मागे वळून पाहिलं. "माह्या मांग कोन म्हनून रायलं?"

मागे कुणी नव्हतं. माईकमधला आवाज डब्यात जातो, तिथून लॅपटॉपात, तिथे थोडा साठतो, मग परत कानात येतो. हा साठा मी अडाणीपणानं १०२४ मोजण्यांवर ठेवला होता. जायला वीसेक मिलिसेकंद, यायला तेवढेच, वर थोडी किरकोळ. पन्नासाच्या घरात गेलं. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सतरा मीटर चालून जातो. म्हणजे आबांना ऐकू येत होता तो माणूस माजघरात नव्हता, गल्लीच्या तोंडाशी होता. आबांना ते वावगं वाटलं नाही. सगळी हयात झील धरणाऱ्यांच्या संगतीत गेलेली. अर्धा अभंग ऐकून ते एवढंच म्हणाले, "आवाज चांगला हाय याचा. पन उशिरा उचलते." डब्यावर एक बटण असतं, डायरेक्ट मॉनिटरचं; ते दाबलं की आवाज लॅपटॉपची वारी न करता थेट कानात येतो. मी ते दाबलं. आबांनी हेडफोन काढून विचारलं, "गेला का तो? चहा तं द्यायचा व्हता."

झील गेली तेव्हा तिच्यामागे आणखी कुणीतरी बसलेलं ऐकू आलं. हूंऽऽ. एकसारखं, खालच्या पट्टीत. मी वायरी हलवल्या, डबा उलटा केला, पंखा बंद केला. आबांनी मात्र पेटीवर बोट ठेवलं, एक सूर दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि निर्णय दिला. "पांढरी पाच हाय. जराशी चढी."

मी नंतर हिशेब केला आणि उठून आबांच्या पाया पडावंसं वाटलं. आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. पांढरी पाचचा सूर सप्तकं उतरवत खाली नेला तर ४९ वर येतो. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक रोहित्र, फ्रिज आणि ट्यूबलाइटची पट्टी पांढरी पाचच्याच घरात गुणगुणत असते, जराशी चढी. एवढा मोठा तंबोरा जगात कुणी लावला नसेल. आबांची पट्टी काळी एक. जमणार कसं?

वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि विचारलं, "अर्थिंग कुठी हाय?" आमच्याकडे प्लगचं तिसरं भोक ही शोभेची वस्तू आहे, पिन तुटली तरी कुणी हळहळत नाही. परसात अर्थिंगचा खड्डा सापडला. घर बांधताना मीठ-कोळसा घालून पुरलेला, त्यानंतर कुणी ढुंकून पाहिलेला नाही. भाऊंनी त्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. हूं निम्म्यावर आली. आमच्या घरातल्या आवाजाची गुणवत्ता सुधारायला पाणी घालावं लागतं, हे मी पुतण्याला सांगितलं नाही. मग भाऊंनी सहज म्हणून लॅपटॉपचा चार्जर उपटला, आणि हूं नाहीशीच झाली. निव्वळ बॅटरी. देशाचा तंबोरा थांबला.

आता फक्त वाशिम उरलं.

कंडेन्सर माईक फार गुणी असतो. त्याला सगळं ऐकू येतं. पहिल्या एका मिनिटात त्यानं जे भरलं ते असं: दोन घरं सोडून कुकरच्या तीन शिट्ट्या, पिठाची गिरणी, कुणाचीतरी बोअरची मोटार, घंटागाडीचं गाणं, आणि भंगारवाला. भंगारवाल्याचा मला खरा राग आला. त्याची आरोळी आधीच भरून घेतलेली असते आणि कर्ण्यातून वाजते. मी नीट ऐकली. मागे कुकर नाही, गिरणी नाही, हूं नाही. गाडीवर फिरणाऱ्या त्या माणसाचं रेकॉर्डिंग माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. एकदा थांबवून त्याला विचारलं, "कुठे भरलं हे?" तो म्हणाला, "वावरात, राती."

संध्याकाळी वरात. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच गावात लावलं आहे. त्याला अकराशे वर्षं होत आली. वरात अजून आमच्या खिडकीखालून पुढे सरकलेली नाही. डीजेच्या ठोक्यागणिक माझ्या पडद्यावरचा आलेख उडत होता आणि आबा माजघरात पेटीवर हात ठेवून, परीक्षेला उशीर झालेल्या पोरासारखे बसले होते.

आणि लाईन गेली.

तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर लाईन जाणं म्हणजे अंधार होणं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. आधी फ्रिज शेवटचा हुंदका देतो. पंखा चार फेरे घेतो आणि विचारात पडतो. मग गिरणी, मोटार, समोरची मालिका, तिच्या वरच्या मजल्यावरची दुसरी मालिका. वरातीचं जनरेटर होतं, पण ती नेमकी कोपऱ्यावरून वळली. सगळा मोहल्ला एकदम श्वास सोडल्यासारखा शांत. लॅपटॉप चालू होता. डब्याचा दिवा चालू होता. आबांनी कुणाला न विचारता भाता सोडला.

त्या दिवशी मला ४०४ न घेतल्याचा अर्थ समजला. महिनाभर मी जी परीक्षणं पाहिली त्यात एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता, की लाईन नसताना हा डबा चालतो का. वाशिम जिल्ह्यात दुसरा प्रश्नच नाही. ज्याला भिंतीतली वीज लागते तो डबा वीज असतानाच चालणार, आणि वीज असताना सगळंच चालू असतं. पहिले रेकॉर्डिंगवाले यात सुखी होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याच्या हॉटेलातल्या खोलीत फ्रेड गैसबर्गनं गौहर जानचं गाणं भरलं तेव्हा माईक नव्हता, वीज नव्हती. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालायचं, आणि तबकडी फिरायची ती हळूहळू खाली येणाऱ्या वजनावर. विजेचं रेकॉर्डिंग आलं १९२५ ला, आणि तिच्याबरोबर पांढरी पाच.

तरी लॅपटॉपची बॅटरी पन्नास मिनिटांची आणि वाशिमला लाईन जाण्याचा भरवसा नाही. ठरलं की, जिथे ती रोज जाते त्या आबांच्या गावीच जायचं. डबा पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, माईक पंच्यात गुंडाळून, आणि सगळं मोटारसायकलच्या हँडलला. पोर्टेबल शब्दाचा याहून निराळा अर्थ आमच्याकडे नाही.

गावी स्टुडिओ तयारच होता. भाव चढायची वाट पाहत ठेवलेला कापूस मधल्या खोलीत छातीएवढा भरला होता. परदेशात लोक भिंतींना स्पंजाचे तुकडे चिकटवतात म्हणे. आमच्याकडे तीन भिंती कापसाच्या, चौथीला सोयाबीनचे कट्टे. आत शिरून टाळी वाजवली तर टाळी जिथल्या तिथे मरायची. दोष दोनच. एक, साठवलेल्या कापसाची खाज सुटते, आणि कंडेन्सरला खाजवणंही ऐकू येतं. दुसरा, या स्टुडिओचं भवितव्य अकोल्याच्या भावावर. क्विंटलमागे तीनशे वाढले की भिंती गाडीत.

खंजिरीनं पहिल्या थापेतच दगा दिला. आबांचा आवाज पूर येतो तसा चढतो, सांगून सवरून. खंजिरीची थाप म्हणजे कौलावर पडलेला दगड. ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी, अमरावतीकडून आमच्या गावोगाव पोचलेली. ती हळू वाजव म्हणणं म्हणजे विदर्भात पाप. डब्यावरचा लाल दिवा लागला आणि आवाज पत्र्यासारखा फाटला. पुतण्या फोनवर ओरडला, "काका, काटा अर्ध्याच्या खाली ठेवा! चोवीस बिट आहेत." इथे २४ बिटचा खुलासा होतो. सोळा बिटच्या पायलीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा यांच्यात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, चोवीसच्या पायलीत १४४. तेव्हा काठोकाठ भरायची गरज नाही. निम्मी रिकामी ठेवली तरी खाली काही सांडत नाही, आणि खंजिरीला उसळायला वर जागा राहते. (पोहरादेवीला २०२४ मध्ये नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय उघडलं. ती इमारत पाहिल्यापासून, उद्या एखादा बंजारा मित्र नगारा भरायला घेऊन आला तर कोणती पायली काढायची, या विचारानं मला धास्ती आहे.)

सगळं जमलं. आता लाईन जायची वाट.

रविवार होता. सकाळी नऊला आम्ही बसलो. समोरच्या घरी टीव्ही, पलीकडे गिरणी, विहिरींवर मोटारी. दहा वाजले, बारा वाजले. लाईन गेली नाही. गावाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. जेवणं झाली. टाळकरी दोन पेंगले. तीन वाजता आबांचा धीर सुटला. "काऊन जात नाई बे लाईन? रोज तं जाते." खंजिरीवाल्या पोरानं वायरमनला फोन लावून अदबीनं विचारलं, "भाऊ, आज लाईन कधी जाते?" वायरमनला तो टोमणा वाटला. तो दुखावून म्हणाला की सकाळपासून खांबावर चढून मीच ती टिकवून ठेवली आहे, आणि तुम्हाला मस्करी सुचते. आता त्याला काय सांगायचं? आबांनी फोन हातात घेतला. "बाप्पा, मस्करी नोहे. अर्धा घंटा बंद करतं का? भजन हाय." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. तो मात्र स्वच्छ होता.

सात वाजून गेले. ही गावाच्या बायकांना घेऊन चुलीपाशी बसली होती. तिच्यावर कामगिरी एकच, लाईन गेली की सांगायचं. खोलीतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. सव्वासातला ती दारातून ओरडली, "गेली वो गेली!" एखाद्याच्या घरी पेढे यावेत तसे सगळे उठले. मोबाइलचा उजेड, पेटीपुढे आबा, मागे टाळ, कापसाच्या ढिगावर अर्धा रुतलेला खंजिरीवाला. गिरणी थांबलेली. मोटारी थांबलेल्या. लांब कुठेतरी टिटवी. मी बटण दाबलं.

आबा अकरा मिनिटं म्हणत होते. बॅटरी ४१ टक्के, ३८, ३५. खाज कुणालाच सुटली नाही, किंवा सुटली तरी कुणी खाजवलं नाही. शेवटच्या चरणाला लय चढली, खंजिरी उसळली, काटा लालच्या खाली राहिला. आबांनी तिहाई घेतली, एक, दोन, आणि तिसरीला लाईन आली. बाहेर गावातली झाडून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आलीऽऽ रेऽऽ!"

मी डोक्याला हात लावला. पुतण्याला रात्रीच फाइल पाठवली. त्याचा निरोप आला की काका, रेकॉर्डिंग फार सुंदर आहे, शेवटचे दोन सेकंद कापून टाकतो.

सकाळी आबांना हेडफोन लावून दिला. ते अकराही मिनिटं डोळे मिटून बसले. शेवटाला आले, पोरं ओरडली, आणि आबांचा हात आपोआप मांडीवर पडला. हेडफोन काढून म्हणाले, "कापू नको म्हना त्याले. समेवर आले पोट्टे."